बाभळीच्या गाठी आणि 'मूळ पाहिलंस?' : जीवशास्त्राच्या संशोधनासाठी संदर्भ शोधायचे कुठे?

शेवाळ | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्प बाभळीच्या मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंवर आहे. गाठी धुणं, ठेचणं, जिवाणू वाढवायला यीस्ट-मॅनिटॉल आगरवर रेघा ओढणं हे सगळं जमायला लागलंय. घोडं अडलंय ते पूर्वसंशोधनाच्या आढाव्यापाशी.

गेल्या आठवड्यात पहिला खर्डा मार्गदर्शक बाईंना दाखवला. चौदा पानं, एकसष्ट संदर्भ. परत आला तेव्हा बेचाळीस संदर्भांपुढे पेन्सिलीने बारीक अक्षरात एकच प्रश्न लिहिलेला होता, "मूळ पाहिलंस?" नव्हतं पाहिलं. बरेचसे संदर्भ मी दुसऱ्यांच्या निबंधांतून उचलले होते. त्यांनी वाचलंय म्हणजे बरोबरच असणार, असं मनापासून वाटत होतं.

आता सगळं पुन्हा करायला बसले आहे आणि कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही. बाभळीचं शास्त्रीय नाव, 'व्हाचेलिया निलोटिका', टाकून शोधलं की थोडंसंच काही येतं. निबंध शोधायला पबमेड आणि गूगल स्कॉलर सोडून तिसरी जागा मला माहीत नाही. ग्रंथालयात संदर्भ विभाग आहे, पण तिथे शब्दकोश आणि ज्ञानकोश असतात इतकीच माझी समजूत. जाणकारांनी कृपया सांगावं.

पानगळ | सोमवार, रात्री १०.०५

वाचनखूण ठेवली. माझ्याही खर्ड्यावर असाच शेरा आला होता.

रानवाटा | सोमवार, रात्री ११.१२

शेवाळ, शोधात कमी येतंय ते नावामुळे. मी वनस्पतींच्या वर्गीकरणात काम करतो, म्हणून हा भाग जरा सविस्तर लिहितो.

१७५३ साली लिनिअसने बाभळीला मिमोसा निलोटिका म्हटलं. पुढे ती अकेशिया वंशात (जीनसमध्ये) गेली आणि अकेशिया निलोटिका झाली. शेतीच्या आणि वनांच्या जुन्या लिखाणात तीच तुम्हाला अकेशिया अरेबिका म्हणून भेटेल. मग २००५ साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत असं ठरलं की अकेशिया हे नाव मुख्यतः ऑस्ट्रेलियातल्या जातींच्या गटाकडे राहील. २०११ मध्ये मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झालं. आपल्या ओळखीच्या काटेरी जाती व्हाचेलिया आणि सेनेगालिया या वंशांत गेल्या. त्यामुळे एकट्या व्हाचेलियावर शोधलंत तर अलीकडचंच लिखाण हाती लागणार. गाठींवरचं जुनं काम, म्हणजे बहुतेक पायाभूत काम, अकेशियाखाली पडून आहे.

नावाचा हा इतिहास नावातच लिहिलेला असतो, फक्त तो वाचता यायला हवा. बाभळीचं पूर्ण नाव असं लिहितात : व्हाचेलिया निलोटिका (एल.) पी. जे. एच. हर्टर अँड मॅब. कंसातला 'एल.' म्हणजे लिनिअस. 'निलोटिका' हे विशेषण त्याचं, पण त्याने ते दुसऱ्या वंशात दिलं होतं. कंसाबाहेरची दोन नावं ती जात आजच्या वंशात आणणाऱ्यांची. वनस्पतीच्या नावात असा कंस दिसला की त्या झाडाला आधी दुसरं नाव होतं हे पक्कं समजायचं, आणि ते नाव शोधून काढायचं. प्राण्यांच्या नावांत बाहेरचं नाव लिहीत नाहीत, पण कंसाचा अर्थ तोच. प्रयोगशाळेतला बेडूक जुन्या पुस्तकांत राना टिग्रिना असतो आणि आज होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस. एवढं न कळल्यामुळे मुलांचे आढावे अर्धे राहिलेले मी पाहिलेत.

पर्यायी नावं पाहायला लंडनच्या क्यू उद्यानाचं 'प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन' उघडा. नाव पहिल्यांदा कुठे छापलं, कोणत्या ग्रंथात आणि कोणत्या पानावर, हे 'आंतरराष्ट्रीय वनस्पतिनाम सूची'त मिळेल. तिचा मोठा भाग 'इंडेक्स केवेन्सिस' या जुन्या छापील सूचीतून आला आहे. त्या सूचीसाठी डार्विनने स्वतःच्या पैशातून तरतूद केली होती आणि तिचे पहिले खंड १८९३ ते १८९५ या काळात निघाले. डार्विनलाही नावांच्या या गुंत्याचा त्रास झालाच असणार.

चारही नावं अवतरणचिन्हांत घाला, मध्ये 'ऑर' लिहा आणि सगळ्यांना मिळून एक कंस द्या. त्यापुढे 'अँड' लिहून गाठींचे शब्द, त्यांनाही वेगळा कंस. हे अर्थातच रोमन लिपीत टंकायचं.

शेवाळ | मंगळवार, सकाळी ७.३०

रानवाटा सर, चारही नावांनी शोधलं! काल रात्री जेमतेम एक पान होतं, आज स्क्रोल करताना बोट दुखलं. एक शंका आहे. 'ऱ्हायझोब'पुढे तारा (*) टाकला तर त्यात गाठी करणारे सगळे ऱ्हायझोबियम जिवाणू आणि त्यांचे भाऊबंद यायला हवेत ना? ब्रॅडिऱ्हायझोबियमचे काही निबंध मला माहीत आहेत, पण ते यात दिसत नाहीत.

पेशीजाल | मंगळवार, सकाळी ८.१५

नाही येणार. तारा शब्दाच्या शेवटी असतो, तो शेपूट मोकळं सोडतो, डोकं नाही. ऱ्हायझोबियम, ऱ्हायझोबिया, ऱ्हायझोबियल हे येतील. ब्रॅडिऱ्हायझोबियम, सायनोऱ्हायझोबियम, मेसोऱ्हायझोबियम वेगळे लिहावे लागतील. आणि एन्सिफर विसरू नका, कारण सायनोऱ्हायझोबियममधल्या जाती त्या नावाखालीही छापल्या गेल्यात.

झाडांची नावं लिनिअसच्या १७५३ च्या ग्रंथापासून मोजतात, जिवाणूंच्या नावांचा खुंटा मात्र तिथला नाही. १ जानेवारी १९८० ला मान्य नावांची यादी निघाली आणि तिथून नवी मोजणी सुरू झाली. आजची स्थिती 'एल-पी-एस-एन' या नामसूचीत दिसते, तीही विनामूल्य. ब्रॅडिऱ्हायझोबियम हा वंश १९८२ मध्ये वेगळा झाला. त्याआधीच्या निबंधांत संथ वाढणारेही ऱ्हायझोबियमच म्हटले जायचे, म्हणून १९८२ च्या आधीचं वाचताना जिवाणूच्या नावापेक्षा तो किती वेगाने वाढतो याचं वर्णन बघा.

कपाट५७ | मंगळवार, दुपारी १.२०

मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात संदर्भ विभागात बसते, सतरा वर्षं झाली. शेवाळ, तुझा धागा वाचून राहवलं नाही.

संदर्भ विभागात शब्दकोश असतातच, पण तुझ्यासारखीचं काम तिथल्या दुसऱ्या फळ्यांवर असतं. तुझ्याच विषयाचं उदाहरण देते. ओ. एन. आणि एथेल अ‍ॅलन या दोघांनी शेंगावर्गीय वनस्पतींवर एक जाडजूड संदर्भग्रंथ केला, १९८१ साली प्रसिद्ध झाला. 'द लेग्युमिनोसी' असं नाव आहे. त्यात एकेक वंश वर्णानुक्रमाने घेतलाय आणि त्या वंशातल्या कोणत्या जातींवर गाठी सापडल्या, कोणी पाहिल्या, याची नोंद मूळ निबंधाच्या उल्लेखासह दिली आहे. तिथे अकेशिया काढ. व्हाचेलिया शोधत बसू नकोस, कारण तेव्हा ती विभागणीच झालेली नव्हती. शोधपेटीत दहा वेळा शब्द बदलून जे लागणार नाही ते या नोंदीत एका बैठकीत दिसेल. जिवाणूंच्या बाजूने असाच आधार म्हणजे बर्जीचं मॅन्युअल. पहिली आवृत्ती १९२३ ची आहे, पण तू अर्थातच नवी बघ.

कपाटं कशी शोधायची तेही सांगते. पुस्तकांच्या वर्गीकरणाची दशमान पद्धत असेल तर जीवशास्त्र ५७०, वनस्पती ५८०, प्राणी ५९०. वैश्विक दशमान असेल तर ५७, ५८, ५९. इथे एक मोठी खोच आहे. दशमान पद्धतीत जीवशास्त्र पूर्वी ५७४ वर होतं, १९९६ च्या एकविसाव्या आवृत्तीत ते ५७० वर आणलं गेलं. बऱ्याच ग्रंथालयांनी जुन्या पुस्तकांवरचे वर्गांक बदलले नाहीत. हजारो पुस्तकांच्या पाठीवरचे कागद बदलायचे म्हणजे सोपं काम नव्हे. म्हणून एकाच विषयाची पुस्तकं दोन ठिकाणी असतात, आणि विद्यार्थी एकच ठिकाण बघून 'इथे काही नाही' म्हणून परत जातात. फार वाईट वाटतं तेव्हा.

आता पबमेड. १९९६ पासूनची ही सोय अतिशय चांगली आहे, पण ती मुळात वैद्यकाकडे झुकलेली. झाडं, माती, शेती यांवरची कितीतरी नियतकालिकं तिच्यात नाहीत. त्यांच्यासाठी कॅब अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्स बघ, बहुधा तुमच्या ग्रंथालयाच्या वर्गणीत असेल. अन्न व कृषी संघटनेचं अ‍ॅग्रिस कोणालाही खुलं आहे. युरोप पीएमसीमध्ये पबमेडमधल्या नोंदी आहेतच, शिवाय अ‍ॅग्रिकोला या कृषिसूचीतल्या नोंदीही येतात. जुन्या कामासाठी बायॉलॉजिकल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्स, १९२६ पासून. प्राण्यांवर काम करणाऱ्यांनी झूऑलॉजिकल रेकॉर्ड पाहावं, ते तर १८६४ पासूनच्या लिखाणाची नोंद ठेवतं. हे छापील खंड अजून अनेक ठिकाणी तळमजल्यावर उभे असतात. त्यांचं एक वैशिष्ट्य सांगते. खंडाच्या शेवटच्या विषयसूचीत शेजारचे शब्दही डोळ्यांखालून जातात. आपल्या डोक्यात न आलेला शब्द तिथे सापडतो.

आणि शेवटचं. ग्रंथपालाकडे गेलीस की 'गाठींवर पुस्तक आहे का' असं विचारू नकोस. तसं विचारलं की आम्ही पुस्तक आहे की नाही एवढंच बघतो. 'बाभळीच्या गाठींत कोणते जिवाणू सापडल्याच्या नोंदी आहेत ते मला सुरुवातीपासून हवंय, आतापर्यंत मी इथे इथे पाहिलं' असं सांग. मग आम्ही खुर्चीतून उठतो.

शेवाळ | मंगळवार, दुपारी २.०२

ताई, आमच्याकडे ५७४ लिहिलेली दोन कपाटं मागच्या भिंतीला आहेत! मला वाटायचं तो वेगळाच काही विषय आहे. उद्या सकाळी जाते.

जुनीवही | मंगळवार, सायं. ६.४५

कपाट५७ यांचा प्रतिसाद छापून विभागाच्या फलकावर लावावा इतका चांगला आहे. फक्त एक सावधगिरी सुचवते. मी महाविद्यालयात शिकवते आणि जुन्या संदर्भग्रंथांतले आकडे मुलं जसेच्या तसे उतरवताना पाहते. मानवाची गुणसूत्रं किती? १९२३ मध्ये पेंटरने ४८ सांगितली आणि तीस वर्षांहून जास्त काळ सगळ्या पुस्तकांत ४८ च छापलं गेलं. १९५६ मध्ये टिजो आणि लेव्हान यांनी ४६ दाखवली. तेव्हाचा एखादा सुंदर बांधणीचा ज्ञानकोश आजही कपाटात असेल आणि त्यात ४८ असेल. संदर्भग्रंथ हातात घेतला की आधी शीर्षकपानामागचं वर्ष बघा.

रानवाटा | मंगळवार, रात्री ८.३०

जुनीवही, आकड्यांपुरतं पूर्ण मान्य. पण मुलांनी यातून 'जुनं म्हणजे टाकाऊ' असा अर्थ घेऊ नये. आमच्या शाखेत १७५३ चा ग्रंथ आजही आधार आहे, आणि प्राण्यांसाठी १७५८ चा. जातीचं पहिलं वर्णन शंभर वर्षांपूर्वीचं असेल तर तेच वाचावं लागतं, त्याला पर्याय नाही. असे जुने ग्रंथ 'बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी'त पानापानाने छायांकित करून खुले ठेवले आहेत. मी आठवड्यातून निदान दोनदा तिथे असतो.

जुनीवही | मंगळवार, रात्री ८.५०

हो, तसं नव्हतंच म्हणायचं. वर्णनासाठी आणि नावासाठी जुनं, मोजणीसाठी आणि यंत्रणेच्या स्पष्टीकरणासाठी नवं, असं मी वर्गात सांगते.

पेशीजाल | मंगळवार, रात्री १०.२०

बाईंच्या 'मूळ पाहिलंस?' या प्रश्नाकडे परत येतो, कारण या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मला तोच वाटतो.

'माणसाच्या शरीरात स्वतःच्या पेशींच्या दहापट जिवाणू असतात' हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी लिहिलंय. मीही माझ्या प्रबंधात लिहिलं होतं, त्यापुढे १९७७ चा सॅव्हेजचा समीक्षालेख टाकून. पुढे हा आकडा मागे मागे शोधत गेलं की १९७२ च्या लकी यांच्या लेखापाशी पोचतो. तिथे मोजणी नाहीच, एक ढोबळ गुणाकार आहे : एका ग्रॅममध्ये दहा हजार कोटी जिवाणू, आतड्यात एक किलो ऐवज, म्हणून शंभर लाख कोटी. पण एवढी दाटी फक्त मोठ्या आतड्यात असते आणि तिथला ऐवज निम्म्याहून कमी. २०१६ मध्ये सेंडर, फुक्स आणि मायलो यांनी नव्याने हिशेब मांडला. जिवाणू सुमारे ३८ लाख कोटी, माणसाच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. म्हणजे जवळजवळ बरोबरी. चाळीसहून अधिक वर्षं शेकडो लोक एकमेकांचा हवाला देत राहिले आणि तळाशी कागदावरचा एक अंदाज होता.

जीवशास्त्रातला कोणताही आकडा हवा असेल तर 'बायोनंबर्स' हा संग्रह बघा. तिथे आकड्यासोबत तो कुठून आला आणि कसा मोजला हे दिलेलं असतं.

मागे जायचं साधन म्हणजे निबंधाच्या शेवटची यादी. पुढे यायचं साधन म्हणजे 'सायटेड बाय'. जुन्या निबंधाचा नंतर कोणकोणी आधार घेतला हे बघण्याची ही युक्ती युजीन गारफील्डने १९६० च्या दशकात छापील सूचीतून आणली, आज ती गूगल स्कॉलरवर एका टिचकीत मिळते. जुना निबंध हाती आला की त्याला दोन्ही दिशांनी चालवा. मेंडेलचं १८६६ चं काम विस्मृतीत गेलं होतं, तरी फोके यांच्या १८८१ च्या ग्रंथात त्याचा उल्लेख होता. नोंद छापलेली असली की कधीतरी कोणीतरी तिथवर पोचतं.

पानगळ | बुधवार, सकाळी ९.१०

पण मूळ निबंध पैसे भरल्याशिवाय उघडतच नाही तेव्हा काय करायचं? माझे निम्मे संदर्भ तिथेच अडलेत.

कपाट५७ | बुधवार, सकाळी ११.३५

आधी पबमेड सेंट्रल बघायचं. पबमेडमध्ये नोंद असते, सेंट्रलमध्ये पूर्ण निबंध. पुष्कळ नियतकालिकांचे जुने खंड तिथे पहिल्या पानापासून आहेत. ब्राउझरमध्ये अनपेवॉल बसवून घ्या, लेखकाने कुठे खुली प्रत ठेवली असेल तर ते दाखवतं. लेखकाला दोन ओळींचं नम्र पत्र पाठवा, बहुतेक जण आनंदाने पाठवतात. आणि आंतरग्रंथालयीन देवघेव नावाची सोय असते, तिचा अर्ज वर्षाकाठी फार थोडी मुलं भरतात. ती याचसाठी असते हो!

प्रत मिळाली की तो निबंध मागे घेतला गेलेला नाही ना, तेही बघा. रिट्रॅक्शन वॉचचा संग्रह आता खुला आहे. झोटेरोत संदर्भ साठवत असाल तर मागे घेतलेल्या निबंधावर ते स्वतःच खूण दाखवतं.

शेवाळ | शुक्रवार, रात्री ९.१५

दोन दिवस ग्रंथालयातच होते. सांगायला खूप आहे, त्यातलं एकच आधी सांगते.

माझ्या खर्ड्यात एक वाक्य होतं : 'अकेशियाच्या गाठींत संथ वाढणारे ऱ्हायझोबियम आढळतात.' पुढे ड्रायफस आणि डोमर्ग, १९८१. हे मी एका नंतरच्या निबंधातून घेतलं होतं. काल मूळ काढलं, पबमेड सेंट्रलवर पूर्ण आहे. शीर्षकात फक्त 'अकेशिया जाती' असल्यामुळे नावाच्या शोधात तो मला दिसलाच नव्हता. त्यात त्यांनी अकेशियाच्या जातींचे तीन गट केलेत. काहींवर संथ वाढणारे जिवाणू गाठी करतात, काहींवर जलद वाढणारे, आणि एका जातीवर दोन्ही. बाभूळ जलद वाढणाऱ्यांच्या गटात आहे.

मी खुर्चीवर तशीच बसून राहिले. जूनमध्ये माझ्या आगरवर तिसऱ्याच दिवशी टपोऱ्या, चिकट वसाहती आल्या होत्या. इतक्या लवकर म्हणजे भेसळच, असं समजून मी त्या प्लेटा टाकून दिल्या आणि सातव्या-आठव्या दिवशीच्या वसाहतींची वाट बघत राहिले. कदाचित खरोखर भेसळ असेलही. पण आता कळणारही नाही. आज पुन्हा गाठी आणल्यात, या वेळी तिसऱ्या दिवशीचं सगळं जपून ठेवणार आहे आणि रोपांवर लावून बघणार आहे.

अ‍ॅलनचा ग्रंथ ५८० जवळ नव्हता, संदर्भ विभागात खालच्या फळीवर होता. ग्रंथपाल काकांना ताईंनी सांगितलं तसं सगळं सांगितलं, ते खरंच उठून आले. अकेशियाच्या नोंदीतून सतरा जुने निबंध उतरवून घेतलेत. त्यांतला एक मिळत नाही. 'बॉट. गॅझ.' एवढंच लिहिलंय. ग्रंथालयाच्या तालिकेत हे नाव टाकलं तर काहीच येत नाही.

रानवाटा | शुक्रवार, रात्री ९.४०

प्लेटांचं वाचून फार हळहळ वाटली. पण आता रोपांवर लावून बघताय, तीच खरी परीक्षा. ऱ्हायझोबियम असेल तर गाठी येतील.

कपाट५७ | शुक्रवार, रात्री १०.१०

शेवाळ, ते 'बॉटनिकल गॅझेट'. १९९२ मध्ये त्याचं नाव बदलून 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ प्लँट सायन्सेस' झालं. तालिकेत नवं नाव टाक, त्या नोंदीत 'पूर्वीचं नाव' अशी ओळ असेल. बांधीव खंड मात्र जुन्या नावाने, म्हणजे 'ब'च्या रांगेत असतील. तुमच्याकडे तो खंड नसेल तर देवघेवीच्या अर्जात नियतकालिकाचं पूर्ण नाव, खंड, वर्ष, पहिलं आणि शेवटचं पान एवढं नीट लिही. पान लिहिलं नाही तर समोरचा ग्रंथपाल अर्ज परत पाठवतो.

शेवाळ | शनिवार, दुपारी १२.२५

सापडला. 'ब'च्या रांगेत, सर्वांत वरच्या फळीवर. स्टूल घेऊन काढला. पानं चिकटलेली होती, काकांनी हस्तिदंती पट्टीने सोडवून दिली. आता वाचायला बसते.